किरणला म्हणजे कोणाला?

परवा मी सूनबाईला म्हटलं, "उद्या किरणला जेवायला बोलावलंय." ती कन्नड शाळेत शिकलेली. लगेच म्हणाली, "मामा, किरणनिगे की किरणळिगे?"

मला हसू आलं. मराठीतला 'ला' मुलाला आणि मुलीला सारखाच लागतो. कन्नड मात्र प्रत्ययातच सांगून टाकते. आपल्या दुभाषी घरांत असा घोळ मिनिटभरात मिटतो. पण अशाच एका रूपापायी एका बाईला शेकडो वर्षं पुरुष ठरवलं गेलं, ती गोष्ट आठवली.

संत पौलाने इ.स. 57च्या सुमारास रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला ग्रीक भाषेत पत्र लिहिलं. त्याच्या सोळाव्या अध्यायात तो ओळखीच्यांना सलाम कळवतो. त्यांत अंद्रोनिक आणि 'युनियान' ही जोडी आहे. आपल्याबरोबर तुरुंगवास भोगलेले, प्रेषितांमध्ये नावाजलेले, असं त्यांचं कौतुक तो करतो.

'युनियान' हे द्वितीयेचं रूप. मूळ नाव 'युनिया' असेल तर ती बाई, 'युनियास' असेल तर तो पुरुष. द्वितीयेत दोन्हींची अक्षरं तीच. फरक फक्त आघातचिन्हाचा. आणि सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही चिन्हं नसतच!

रोमन मुलींना कुळाचं नाव स्त्रीलिंगी करून देत. युलियस कुळातली युलिया, तशी युनियस कुळातली युनिया. सीझरला मारणारा ब्रूटस याच नावाच्या कुळातला. रोममधल्या कोरीव लेखांत 'युनिया' अडीचशेहून अधिक वेळा येते. पुरुषाचं 'युनियास' मात्र त्या काळच्या एकाही लेखात सापडलेलं नाही. चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्टोमनेही ती बाईच मानली आणि तिच्या ज्ञानाची वाखाणणी केली.

पण प्रेषितांत बाई कशी असेल, हे पुढच्या अनेकांना पटेना. नेस्ले यांच्या प्रसिद्ध ग्रीक आवृत्तीत 1927 साली पुरुषाचं आघातचिन्ह छापलं गेलं. 1998च्या छपाईत ते बदलून युनिया पुन्हा बाई झाली. 'प्रेषितांमध्ये नावाजलेली' की 'प्रेषितांना ठाऊक असलेली', हा वाद अजून आहे. ती बाई होती याबद्दल मात्र आता फारसा नाही.

व्याकरण गप्प बसतं, तेव्हा रिकामी जागा आपले समज भरून काढतात. म्हणून विचारलेलं बरं. सूनबाईने विचारलं, मी सांगितलं, "किरणळिगे."