अंदाज उन्हाचा, जबाबदारी ठिणगीची

फाल्गुन सरत आला की विदर्भातील सागाच्या जंगलांत पानगळ पुरी होत येते. रुंद, वाळलेली पाने जमिनीवर थरावर थर रचतात. त्याच सुमारास, फेब्रुवारीच्या अखेरीस, भारतीय हवामान विभागाचा मार्च ते मे या महिन्यांचा हंगामी अंदाज प्रसिद्ध होतो आणि मार्चअखेरीस एप्रिल ते जूनचा. वर्तमानपत्रांत त्याचा मथळा बहुधा एका ओळीचा असतो : यंदा उन्हाळा कडक. त्या ओळीमागचा अर्थ व्यापारी कुटुंबांनी थोडे थांबून समजून घ्यावा असा आहे.

हंगामी अंदाज म्हणजे भविष्यकथन नव्हे. तापमान सरासरीपेक्षा अधिक, सरासरीइतके किंवा कमी राहण्याची शक्यता किती, एवढेच तो सांगतो. एप्रिल २०२४ च्या आरंभी विभागाने एप्रिल ते जून या काळात देशाच्या निरनिराळ्या भागांत उष्णतेच्या लाटेचे १० ते २० दिवस वर्तविले होते. एरवी ते ४ ते ८ असतात. तो उन्हाळा खरोखरच होरपळविणारा ठरला. २०२५ मध्येही अंदाज तापाचाच होता. एप्रिलमध्ये चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर गेला. परंतु मे महिना पावसाने भिजला आणि २६ मे रोजीच मान्सून मुंबईत दाखल झाला.

यावरून अंदाजाला निरुपयोगी ठरविणे योग्य नव्हे. व्यापाऱ्याला ही भाषा परकी नाही. तेजीची चिन्हे दिसली म्हणून कोणी सारे भांडवल एकाच मालात घालीत नाही आणि मंदीची शंका आली म्हणून पेढीला कुलूपही लावीत नाही. जोखीम ओळखून वेळीच तजवीज करणे, हीच दोन्हीकडची रीत.

सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर जाऊन ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी अधिक असेल, अथवा थेट ४५ अंश गाठील, तेव्हा उष्णतेची लाट मानली जाते. ज्या राजस्थानातून अनेक व्यापारी घराणी महाराष्ट्रात आली, तेथील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती. मात्र माणसाचे प्राण वाचतात ते पूर्वतयारीमुळे. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत नेहमीपेक्षा १३०० हून अधिक मृत्यू झाले. त्या आघातानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा तयार केला : आगाऊ इशारा, रुग्णालयांची सज्जता, जागोजागी पिण्याचे पाणी. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला.

असा आराखडा प्रत्येक पेढीलाही हवा. गादीवर पंखा असतो, माठ असतो. पत्र्याच्या गोदामात पोती वाहणाऱ्या हमालाच्या डोक्यावर मात्र तापलेले छत असते. मालाची चढउतार सकाळी लवकर वा सायंकाळी ठेवावी, दुपारी १२ ते ४ विश्रांती द्यावी आणि त्या विश्रांतीपोटी मजुरी कापू नये. कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर त्याला सावलीत नेऊन ओल्या कापडाने अंग थंड करावे, वारा घालावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. घरात चैत्री ओळीचे आयंबिल वा वर्षीतप चालू असेल, तर वयोवृद्धांनी आणि नित्य औषधे घेणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला आधी घ्यावा.

उन्हाच्या या अंदाजाला दुसरी बाजू आहे ती वणव्याची. महाराष्ट्रात वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो. देशातील सुमारे ३६ टक्के वनाच्छादन वारंवार आग लागण्याच्या धोक्यात असल्याचे देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २०१९ च्या अहवालात नोंदविले आहे. उपग्रहांना आगीचा ठिपका दिसताच तिचा संदेश वनकर्मचाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचतो. जाळरेषाही आधीच काढलेल्या असतात. तरीही जंगल जळते, कारण ऊन केवळ सरपण वाळविते. ठिणगी बहुतेक वेळा माणसाच्या हातून पडते. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविला जातो, तेंदूला कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळली जातात, वाटसरू विडीचे थोटूक टाकून जातो. मग जमिनीवरील घरट्यांतली टिटवीची अंडी, सरपटणारे जीव आणि सागाची कोवळी रोपे मुकाट्याने राख होतात.

वनोपजाचा व्यापार करणाऱ्यांच्या हाती येथे मोठी सत्ता आहे. झाडाखाली जाळी अंथरून गोळा केलेली, राख-मातीविरहित फुले चार पैसे अधिक देऊन घेतली, तर पाला पेटविण्याचे कारणच उरत नाही. वेचणाऱ्याला दोष देण्याआधी खरेदीदाराने आपला भाव तपासावा.

सुटीत मुक्तागिरी, मांगीतुंगीची यात्रा करणाऱ्या कुटुंबांनीही चढण उन्हाआधी आटोपावी, पुरेसे पाणी बरोबर घ्यावे आणि डोंगरात कोठेही चूल पेटवू नये. घरी परतल्यावर गोदामाभोवतीचे वाळके गवत काढावे, जुन्या वीजतारा बदलाव्यात, अग्निशामक नळकांड्याची मुदत पाहावी आणि विम्याचा हप्ता थकला नाही ना, याची खात्री करावी. कापूस आणि सरकी साठविणाऱ्यांनी तर हे फाल्गुनातच उरकावे.

मेच्या अखेरीस नवतपा येईल तेव्हा पारा किती चढेल, हे कोणाच्या हाती नाही. काडी ओढायची की नाही आणि भर दुपारी हमालाच्या पाठीवर पोते द्यायचे की नाही, हे मात्र सर्वस्वी माणसाच्याच हाती आहे.