मनाचे दुखणे

शरीराला ताप आला की आपण डॉक्टरांकडे धावतो. मन खचले की मात्र दारे लावून घेतो. मग गुपचूप होमिओपॅथीच्या गोड गोळ्या आणि निसर्गोपचार सुरू होतात. त्यांमागे श्रद्धेपेक्षा लोकापवादाची धास्तीच अधिक असते.

निसर्गोपचाराची थोरवी कोण नाकारील? १९४६ साली गांधीजींनी उरुळीकांचनला त्याचा आश्रम स्थापिला. पहाटेची फेरी, कोवळे ऊन, नियमित निद्रा, स्नेह्यांचा सहवास यांनी खिन्न मनास उभारी येते. गोळ्यांविषयी मात्र तसे म्हणवत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली सारा पुरावा तपासला. कोणत्याही विकारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा विश्वसनीय आधार तिला आढळला नाही. गोळी निरुपद्रवी असेल. तिच्यापायी वाया गेलेला काळ निरुपद्रवी नसतो.

विद्यार्थिमित्रहो, औदासीन्य दोन आठवडे हटले नाही, अन्न, झोप व अभ्यास यांवरून मन उडाले, किंवा जगणेच नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी घरी वा शिक्षकांना सांगा. मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आपल्या धारवाडातच आहे. मळमड्डीहून तिथे जाणे कठीण नाही. कठीण असते ती तिची पायरी चढण्याची लाज. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. फेरी आणि ऊन सोडू नका. पण डॉक्टरांचे औषध त्यांच्यासाठी थांबवू नका. दुखणे मनाचे असले तरी ते दुखणेच आहे, दोष नव्हे.