साखरेवाचून गोडी, खुलाशावाचून ग्वाही

मधुमेही वडीलधाऱ्यांच्या चहात साखरेऐवजी इवलीशी पांढरी गोळी टाकणे, ही शहरातील मध्यमवर्गीय घरांत आता नित्याची बाब झाली आहे. डॉक्टरांची ना नाही, सरकारची परवानगी आहे, तेव्हा ती निर्धोक असली पाहिजे, या भरवशावर ती गोळी आजवर निमूटपणे विरघळत होती. तो भरवसा आता डळमळला आहे. ‘बाबा, हिने कॅन्सर होतो म्हणतात, खरे का?’ असे मुलगा विचारतो आणि बापापाशी उत्तर नसते. कृत्रिम मधुरकांच्या या प्रश्नाला आम्ही आज पहिल्या पानावर जागा देत आहोत. गोळी घातक आहे की नाही, याचा निवाडा शास्त्रज्ञ यथाकाल करतीलच. परंतु ज्यांच्या शब्दावर विसंबून आपण अन्न पोटात घालतो, त्यांच्या शब्दाची पत काय उरली, हा त्यामागचा प्रश्न आम्हांस अधिक गंभीर वाटतो.

या संभ्रमाला तोंड फुटले ते २०२३ च्या जुलै महिन्यात. १४ जुलै रोजी, एकाच दिवशी, दोन आंतरराष्ट्रीय मंडळांचे निष्कर्ष जाहीर झाले. फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेम या मधुरकाची गणना ‘मनुष्यात कदाचित कर्करोगकारक’ अशा वर्गात केली. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मात्र, शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही अस्पार्टेमची जुनी मर्यादा बदलण्यास सबळ कारण नाही, असा निर्वाळा दिला. दोन्ही मंडळे जागतिक आरोग्य संघटनेच्याच छत्राखालची. एकाच घराच्या दोन दारांतून दोन निरोप बाहेर पडले आणि सामान्य माणसाने त्यांतला जो अधिक भयंकर तो लक्षात ठेवला. त्यात त्याचा दोष नाही.

वास्तविक या दोन निरोपांत विरोध नाही. विहीर खोल आहे काय, हा एक प्रश्न. आपण तिच्या काठावर किती पुढे गेलो आहोत, हा दुसरा. ल्योंची संस्था पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. एखाद्या पदार्थात कर्करोग उत्पन्न करण्याची शक्ती असण्याचा पुरावा कितपत आहे, एवढेच ती सांगते. किती मात्रेने किती अपाय होईल, हे ती सांगत नाही. शिवाय ‘कदाचित’चा हा वर्ग पुराव्याच्या दृष्टीने कच्चा मानला जातो, आशियाई पद्धतीने खारवून मुरवलेल्या भाज्याही त्याच वर्गात आहेत. मात्रेचा विचार हे दुसऱ्या समितीचे काम. तिच्या हिशोबाने साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाची मर्यादा २,४०० मिलिग्रॅम पडते. साखरविरहित पेयाच्या एका डब्यात दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम अस्पार्टेम धरले, तर ती ओलांडण्यास दिवसाला आठ ते बारा डबे रिचवावे लागतील. चहात दोन गोळ्या टाकणाऱ्या आजोबांनी आज रात्री झोप उडवून घेण्याचे कारण नाही, हे आम्ही प्रथमच स्पष्टपणे सांगतो.

परंतु याच हिशोबाची दुसरी बाजू कोणी मांडत नाही. वीस किलो वजनाच्या मुलाला हीच मर्यादा ८०० मिलिग्रॅमची, म्हणजे अवघ्या तीन-चार डब्यांची पडते. आणि मुलाच्या वाट्याला केवळ पेयच येते असे नाही. चॉकलेट, च्युइंग गम, सरबताची भुकटी, खोकल्याचे औषध अशा अनेक वाटांनी मधुरके येऊ शकतात. त्यांची दिवसाची बेरीज कोणती आई करू शकेल? वेष्टनावर कित्येकदा नावाऐवजी ९५१ किंवा ९५५ असा आकडा छापलेला असतो. पहिला अस्पार्टेमचा, दुसरा सुक्रालोजचा, हे पदवीधरासही ठाऊक नसते.

लोकांचा अविश्वास अकारण नाही, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. या घराण्यातील मूळ पुरुष सॅकरिन. १८७९ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, प्राध्यापक रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत, फाल्बर्ग या रसायनशास्त्रज्ञाला ते सापडले. पुढे तेथील सरकारी रसायनज्ञ हार्वे वायली यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा गाठ पडली ती थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी. त्यांचे डॉक्टर त्यांना रोज सॅकरिन देत असत, आणि त्याला अपायकारक म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी मूर्ख होता! वायली यांच्या निर्णयांची छाननी करण्यास जे तज्ज्ञमंडळ नेमले गेले, त्याचे अध्यक्षपद आले रेमसेन यांच्याकडे. ज्यांच्या प्रयोगशाळेत पदार्थ जन्मला, तेच त्याचे न्यायाधीश. रेमसेन यांचा पेटंटात वाटा नव्हता, आणि थोड्या मात्रेत सॅकरिन निरुपद्रवी आहे हा मंडळाचा कौल पुढे बऱ्याच अंशी खराही ठरला. तरी न्याय खरा असून भागत नाही, तो निःस्पृह दिसावाही लागतो.

१९६९ साली अमेरिकेने सायक्लामेटवर बंदी घातली; युरोपात ते आजही चालते. १९७७ साली कॅनडातील प्रयोगात उंदरांना मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे दिसताच सॅकरिनवर बंदीचा प्रस्ताव आला. मधुमेह्यांनी एकच ओरड केली आणि अमेरिकन काँग्रेसने बंदी रोखून धरून इशाऱ्याची चिठ्ठी तेवढी लावली. कालांतराने कळले की, ज्या यंत्रणेने नर उंदरांना तो रोग होतो ती मनुष्याला लागू पडत नाही. २००० साली चिठ्ठी उतरली. अस्पार्टेमची कथाही अशीच वळणावळणाची आहे. १९६५ साली शोध, १९७४ साली परवानगी, लगोलग आक्षेप आणि स्थगिती. १९८० साली चौकशी मंडळाने आणखी प्रयोग होईपर्यंत परवानगी देऊ नये असे सुचविले. १९८१ साली नव्या आयुक्तांनी ते बाजूस सारून परवानगी दिली, आणि १९८३ साली ती शीतपेयांनाही लागू झाली. परवानगीची रीत कायद्यास धरूनच होती, असे तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी १९८७ साली सांगितले. २०१३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सारा पुरावा नव्याने तपासून ४० मिलिग्रॅमची मर्यादा योग्य ठरविली. तरी संशयाचे भूत उतरले नाही. निर्णय बंद दाराआड झाला, असे एकदा लोकांच्या मनाने घेतले, म्हणजे पुढे उघडलेली शंभर दारेही त्यास पुरत नाहीत.

शास्त्र आपले मत बदलते, हा शास्त्राचा दोष नव्हे. तो त्याचा प्रामाणिकपणा आहे. फ्रान्समध्ये एक लाखाहून अधिक प्रौढांची पाहणी करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुरके अधिक घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण किंचित जास्त आढळले. परंतु ज्यांचे वजन मुळातच जास्त, तेच साखर सोडून मधुरकांकडे वळतात; तेव्हा कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे अशा पाहणीवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. सांगण्याची ही रीत नियामकांनी अंगीकारली असती, तर आजचा गोंधळ उद्भवला नसता. ‘पूर्णपणे सुरक्षित’ या दोन शब्दांत प्रश्न मिटविण्याची त्यांना खोड आहे. आणि म्हणूनच पहिली प्रतिकूल बातमी आली की सारा डोलारा कोसळतो.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर चित्र अधिकच चिंताजनक आहे. भेसळप्रतिबंधक कायदा १९५४ चा; त्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याने घेतली आणि त्याखाली केंद्रीय प्राधिकरण उभे राहिले. पण शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे २००३ साली उघडकीस आणले ते सरकारने नव्हे, दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने, आणि श्री. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने २००४ साली ते निष्कर्ष खरे ठरविले. कायदा बदलल्यावर तरी रीत बदलावी! वैज्ञानिक मंडळांवर स्वतंत्र तज्ज्ञ असावेत, असे नव्या कायद्याचे तेरावे कलम सांगते. प्रत्यक्षात त्यांवर बड्या खाद्य व पेय कंपन्यांची माणसे बसली होती, आणि ती मंडळे नव्याने रचा असे सर्वोच्च न्यायालयाला २०११ साली बजावावे लागले. कुंपणानेच शेत खाल्ले असे आम्ही म्हणत नाही. पण कुंपण घालण्याचे कंत्राट गुरांच्या मालकाला देण्याचा हा प्रकार होता, यात शंका नाही.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. २०१५ च्या जूनमध्ये प्राधिकरणाने मॅगीच्या शेवयांवर देशभर बंदी घातली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कंपनीचे म्हणणे पुरते ऐकून घेतले नव्हते आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली, त्यांना आवश्यक ती मान्यताही नव्हती. एकदा डोळेझाक, एकदा अतिरेक; दोहोंच्या मुळाशी रोग एकच, तो म्हणजे विश्वसनीय तपासणीचा अभाव. पाकिटाच्या दर्शनी भागावर पोषणाची माहिती देण्याचा मसुदा २०२२ च्या सप्टेंबरात निघाला, आणि २०२५ च्या एप्रिलपर्यंत तो अंतिम न झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयास मुदत घालून द्यावी लागली.

हे सारे अशा देशात चालले आहे, जेथे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन घटविण्याचे साधन म्हणून मधुरके वापरू नयेत असे सुचविले, कारण दीर्घकाळात त्यांचा लाभ दिसत नाही. ज्यांना मधुमेह आधीच जडला आहे त्यांना मात्र ही सूचना लागू नाही, असेही तिने म्हटले. हे दुसरे वाक्य किती मधुमेह्यांपर्यंत पोहोचले? अर्धवट बातमीने घाबरून गोळी टाकून देणारा आणि पुन्हा दोन चमचे साखर घेणारा माणूस आगीतून फुफाट्यात पडतो. अविश्वासाची खरी किंमत ही आहे.

साखरेच्या महाराष्ट्रात हा विषय लिहिताना आणखी एक सावधगिरी हवी. मधुरके विकणाऱ्यांचा स्वार्थ आहे, तसा साखर विकणाऱ्यांचाही आहे. साखर आणि हृदयविकार यांचा संबंध सौम्य करून दाखविणाऱ्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांच्या १९६७ मधील लेखामागे अमेरिकन साखर व्यवसायाचा पैसा होता, हे २०१६ साली कागदपत्रांवरून उघड झाले. तेव्हा ‘कृत्रिम ते वाईट, नैसर्गिक ते चांगले’ ही घोषणाही तपासून घ्यावी. मधुमेह्याच्या रक्ताला उसाचा अभिमान कळत नाही.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. मधुरकाचे नाव आणि मिलिग्रॅममधील प्रमाण वेष्टनाच्या दर्शनी भागावर, आणि महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर मराठीत, छापण्याची सक्ती व्हावी. आज इंग्रजी किंवा हिंदी असले की कायद्याचे समाधान होते. मुलांना किती मात्रा चालेल याचा स्वतंत्र खुलासा व्हावा. वैज्ञानिक मंडळांवरील प्रत्येक सदस्याचे हितसंबंध आणि प्रत्येक निर्णयामागील पुरावा लोकांपुढे यावा. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातील नमुन्यांचे निकाल, दिवाळीच्या धाडींची वाट न पाहता, बारा महिने प्रसिद्ध करावेत. यांतील एकाही गोष्टीला नवे शास्त्र लागत नाही, अफाट पैसाही लागत नाही. लागते ती लोकांना शहाणे समजण्याची तयारी.

वाचकांनाही आमचे सांगणे आहे. मधुमेह असेल तर गोळी सोडण्याआधी आपल्या डॉक्टरांस विचारा. नसेल तर मुळात गोडाचीच सवय कमी करा, आणि मुलांच्या हाती असली पेये देऊ नका. संक्रांतीला तिळगूळ देताना आपण एकमेकांना गोड बोलण्याची विनंती करतो. अन्नाच्या रखवालदारांकडे आमचे मागणे नेमके उलटे आहे. गोड बोलण्याचे कष्ट त्यांनी घेऊ नयेत. त्यांनी खरे बोलावे, आणि वेळेवर बोलावे.