झोप हराम होते तेव्हा

उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना एक गोष्ट वारंवार जाणवते. वाक्प्रचारांचा धडा आला की त्यात काळजीचे वाक्प्रचार भरपूर निघतात आणि ते जवळजवळ सगळे शरीराचे असतात. मराठीत तोंडचे पाणी पळते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात. उर्दूत कलेजा तोंडाशी येतो, हातपाय फुलतात, दिल बसते. झोप तर दोन्हीकडे ‘हराम’च होते. हा शब्द अरबीतून आला आणि मराठीने तो इतका आपलासा केला की कोणाला तो परका वाटत नाही. हे वाक्प्रचार घडवणारे लोक काही डॉक्टर नव्हते. पण चिंता डोक्यातच बसून राहत नाही, ती पोटात, छातीत, घशात उतरते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मग दवाखान्यात गेल्यावर आपण हे का विसरतो?

मालेगाव किंवा भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरातला चाळिशीचा कामगार घ्या. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. जितके कापड तितकी मजुरी. माग थांबला की चूल विचार करू लागते. त्याला छातीत धडधड होते, पोट फुगते, रात्री दोनला जाग येते ती येतेच. तो ईसीजी काढतो, आणि तो काढलाच पाहिजे, छातीचे दुखणे अंगावर काढू नये. रिपोर्ट नॉर्मल येतो. डॉक्टर म्हणतात, “काही नाही, टेन्शन घेऊ नका.” तो गॅसची गोळी घेऊन घरी येतो आणि घरचे म्हणतात, “बघा, उगाच पैसे गेले.” म्हणजे दुखणे राहिलेच, वर ते खोटे असल्याचा शिक्काही बसला.

ते खोटे नसते. भीती वाटली की मेंदूचा निरोप मूत्रपिंडांवर बसलेल्या दोन लहान ग्रंथींना जातो आणि ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल रक्तात उतरतात. ठोके वाढतात, रक्तात साखर सुटते, स्नायू ताठ होतात, तोंडातली लाळ आटते. (तोंडचे पाणी पळते ते हेच!) पचनाचे काम मागे ढकलले जाते. समोर कुत्रा धावून आला तर ही तयारी जीव वाचवते. कुत्रा गेला की शरीर पूर्ववत होते. पण कर्जाचा हप्ता असा निघून जात नाही. मुलीचे लग्न, घरभाडे, आजारी अम्मी यांपासून पळताही येत नाही आणि त्यांच्याशी हातघाईही करता येत नाही. शरीर मात्र तयारीतच राहते.

कॉर्टिसॉल साधारणपणे मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते आणि पहाटे चढू लागते. चिंतेत असलेल्या माणसाच्या शरीराला मात्र रात्रही पहाऱ्याचीच वाटते. झोप लागली तरी कच्ची लागते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी रक्तदाब चढा राहतो, इन्सुलिन नीट काम करत नाही, गोड-तळलेले खावेसे वाटते, आणि क्षुल्लक गोष्टीही मोठ्या वाटतात. मग त्या रात्री आणखी एक काळजी जमा होते: आज तरी झोप येईल का? रात्रपाळीवाल्याची अवस्था याहून बिकट. तो झोपायला जातो तेव्हा ऊन चढलेले असते, पोरे शाळेला निघालेली असतात आणि शेजारचा माग खडखडत असतो.

आमच्या पेशात एक वेगळीच काळजी रोज दिसते. नावाची. उर्दूतले एकच नाव मराठीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. जन्मदाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मुहम्मद’, शाळेच्या रजिस्टरमध्ये नुसते ‘मो.’ पालक दाखला हातात घेऊन येतात तेव्हा त्यांचे डोळे लाल असतात आणि बोलताना हात थरथरतो. एखादी आई सांगते की पंधरा दिवस जेवण जात नाही. बाहेरच्या माणसाला ही अक्षराची किरकोळ चूक वाटेल. ज्याला त्या अक्षरात आपल्या मुलाचे भविष्य अडकलेले दिसते, त्याच्या पोटातला गोळा मात्र खरा असतो. अशा वेळी “काळजी करू नका” म्हणण्यापेक्षा कोणता अर्ज, कोणते कार्यालय, कोणते कागद, हे एका चिठ्ठीवर लिहून दिलेले अधिक उपयोगी पडते.

आता जरा नाजूक विषय. झोप येत नाही असे कोणी म्हटले की आपल्यात लगेच ऐकवले जाते: ईमान कमजोर आहे, तवक्कुल नाही. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. जिक्र आणि नमाजने मनाला करार मिळतो, हा आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. पण हे वाक्य उपदेश म्हणून फेकले की ऐकणारा पुढच्या वेळी बोलतच नाही. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे मुलाच्या दुःखाने पांढरे पडल्याचा उल्लेख आहे. ते पैगंबर होते, सब्र म्हणजे काय हे त्यांच्याकडून शिकावे. तरी दुःख शरीरात उतरले. त्यांच्या ईमानावर कोण बोट ठेवेल?

शरीर आणि नफ्स यांचा हा संबंध आपल्या हकीमांनाही माहीत होता. इ.स. ९३४ मध्ये वारलेले, बल्खचे अबू जैद अल-बल्खी यांच्या ‘मसालिहुल अब्दान वल अन्फुस’ या ग्रंथाचा एक भाग शरीरासाठी आहे आणि दुसरा नफ्ससाठी. भीती, राग, दुःख आणि छळणारे विचार या सगळ्यांची त्यांनी वेगवेगळी चर्चा केली. एक आजारी पडले की दुसरेही पडते, तरी वैद्य फक्त शरीर पाहतात, ही त्यांची तक्रार होती. हजार वर्षांनंतरही ती जुनी झालेली नाही. जुम्याच्या बयानात कधीतरी अल-बल्खींचे नाव यावे, असे मला फार वाटते.

नाहीतर माणूस दुसरी वाट धरतो. मालेगावात ‘कुत्ता गोली’ म्हणून बदनाम झालेली गोळी म्हणजे अल्प्राझोलम. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी मिळते. त्याची सवय लागते. सवय लागल्यावर एकदम बंद केले तर झोप आणखी उडते, झटकेही येऊ शकतात. जे आधीच घेत आहेत त्यांनी ते डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करावे.

शांत, अंधाऱ्या, वेगळ्या खोलीत झोपा, हा सल्ला ज्यांना वेगळी खोली आहे त्यांच्यासाठी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण असतील तिथे त्याचे काय करायचे? पण काही गोष्टी तिथेही जमतात. उठण्याची वेळ पक्की ठेवणे हा निद्रानाशाच्या उपचाराचा गाभा आहे, आणि फजरला उठणाऱ्याकडे ती वेळ जवळजवळ तयारच असते. दुपारचा कैलूला वीस-पंचवीस मिनिटांवर जाऊ नये. असरनंतरचा कडक चहा सोडून पाहावा. त्याचा अंमल पाच-सहा तासांनीही पुरता उतरत नाही. झोप येत नसेल तर कूस बदलत पडून राहू नये, उठून बसावे, डोळे जड झाले की पुन्हा आडवे व्हावे. उद्याची कामे इशानंतर कागदावर उतरवून ठेवावीत.

आणि आठवड्यातल्या तीन-चार रात्री अशाच जात असतील, तीन महिने होत आले असतील, तर तो इलाज करण्याजोगा आजार आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे जायला संकोच वाटत असेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. फोन करणाऱ्याला आपले खरे नाव सांगावेच लागते असे नाही.