घराचं काम काढण्यापूर्वी

‘ग्रीन’ घर म्हणजे महागडं घर आणि तेही नव्यानं बांधलेलं, हा समज आधी डोक्यातून काढा. धडधाकट घर पाडून त्या जागी ‘पर्यावरणपूरक’ इमारत उभी करणं म्हणजे उफराटा न्याय. सिमेंट बनवायला, विटा भाजायला, पोलाद वितळवायला इंधन जळतं. तुमच्या जुन्या भिंतींसाठी ते कधीच जळून गेलंय. सागवानी दारंसुद्धा भंगारात घालू नका, रंधा मारून घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते जुन्या चुना-मातीच्या भिंतींचं. ‘मजबुती’ म्हणून लोक त्यांना सिमेंटचा गिलावा करतात. या भिंती जमिनीतली ओल ओढतात आणि हवेत सोडून देतात. सिमेंटनं ती वाट बुजली की ओल आतच कोंडते, वर चढते, पांढरा खार फुटतो आणि पोपडे सुटतात. मग त्यावर महागडा डॅम्पप्रूफ रंग, म्हणजे उरलीसुरली वाटही बंद! अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा. तो जाणणारा गवंडी शोधायला वेळ लागेल; लागू द्या.

खोली तापते म्हणून थेट एसी घेऊ नका. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावून फारसं साधत नाही, कारण काचेतून ऊन तोवर आत आलेलं असतं. छज्जा किंवा बांबूची चिक बाहेरून हवी. गच्चीवर पांढरे चिनीमातीचे तुकडे बसवा, निदान चुना मारा. गळती मात्र त्याआधी काढा. कुंड्यांची बाग हा उन्हावरचा उपाय नव्हे. ओल्या मातीचं वजन स्लॅबला पेलेल का, हे इंजिनिअरला विचारा.

सोलर जरूर बसवा. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. पण आधी वापर कमी करा. जुना पंखा 75 वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा साधारण 30 चा; रोज 12 तास फिरला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात, एका पंख्यामागे. मग पॅनेलही कमी लागतात.

सोसायटीत राहत असाल तर गच्ची एकट्याची नसते. सप्टेंबरअखेरपर्यंत वार्षिक सभा होते. गच्ची पांढरी करायचा विषय लेखी देऊन तिच्या अजेंड्यावर घ्यायला लावा, म्हणजे मार्चच्या उन्हाआधी काम उरकेल.