हिरवे पॅनेल, अर्धा आकडा

१ जानेवारी २०२० उजाडली आणि स्प्लंक या लॉग शोधणाऱ्या प्रणालीच्या ज्या सर्व्हरांवर दुरुस्ती चढवलेली नव्हती, त्यांना दोन अंकी वर्ष लिहिणाऱ्या नोंदींच्या तारखा नीट ओळखता येईनात. लॉगमधल्या तारखा ओळखण्याचे नमुने डेटटाइम.एक्सएमएल या फाइलमध्ये असतात. त्या नमुन्यांत दोन अंकी वर्ष १९ पर्यंतच धरलेले होते. याच फाइलमधली दुसरी खोट त्याच वर्षी १३ सप्टेंबरला उघडी पडायची होती. भारतात संध्याकाळचे ५ वाजून ५६ मिनिटे झाली असताना युनिक्सच्या सेकंदांचा आकडा १६० कोटींवर पोचला आणि तो नमुन्यात बसेना. कंपनीने २०१९ च्या नोव्हेंबरमध्येच सावधगिरीची सूचना काढली होती, दुरुस्तीही दिली होती. तरीही या प्रकरणाची आठवण ठेवायला हवी, ती बिघाडाच्या स्वभावामुळे. अशा सर्व्हरवर काहीच बंद पडत नाही. नोंदी येत राहतात, डिस्क भरत राहते, शोध चालतो. फक्त नोंद भलत्याच तारखेखाली जाऊन बसते आणि ‘गेले २४ तास’ म्हणून शोधणाऱ्याला ती दिसत नाही.

लॉग विश्लेषणात काम करणाऱ्यांकडे येणारी बहुतेक तिकिटे रिकाम्या पॅनेलची असतात. रिकामे पॅनेल निदान प्रामाणिक तरी असते. खरा धोका आहे तो पटण्याजोगा आकडा दाखवणाऱ्या पॅनेलचा, कारण त्याचे तिकीट कोणी काढतच नाही.

स्प्लंकमधला सबसर्च घ्या. चौकटी कंसात लिहिलेला हा आतला शोध मूळ सेटिंगनुसार जास्तीत जास्त १०,००० निकाल बाहेर देतो आणि ६० सेकंदांनंतर थांबवला जातो. समजा, त्यातून बंद केलेल्या खात्यांची यादी काढायची आहे आणि ती खाती १४,००० आहेत. उरलेली ४,००० गुपचूप गळतात. त्याच यादीपुढे ‘नॉट’ लावला असेल तर परिणाम उलटा होतो: वगळायची होती तीच ४,००० खाती संशयित म्हणून समोर येतात आणि रात्रपाळीचा विश्लेषक त्यांच्या मागे धावत बसतो. ‘जॉइन’ची मर्यादा ५०,००० ओळींची, म्हणून ती चाचणीच्या सर्व्हरवर कधी दिसत नाही. कापाकापीची सूचना जॉब इन्स्पेक्टरमध्ये मिळते; डॅशबोर्डवर फार तर एक छोटा त्रिकोण उमटतो, आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो कोणाला दिसणार? अशा ठिकाणी बहुतेकदा लुकअप किंवा दोन्ही शोध ‘ऑर’ने जोडून केलेले ‘स्टॅट्स’ पुरते. जुना जॉइन ‘चालतोय ना’ म्हणून तसाच ठेवण्याची सवय आता सोडावी, असे या संपादकीयाचे स्पष्ट मत आहे.

इलॅस्टिकसर्चकडे वळलेल्यांनीही निर्धास्त होऊ नये. तिथे मॅपिंग आपोआप होऊ दिले, तर २५६ अक्षरांपेक्षा लांब मजकूर ‘कीवर्ड’ उपफील्डमध्ये नोंदलाच जात नाही. मूळ दस्तऐवजात लांबलचक यूआरएल दिसते, पण मोजणीत ती नसते; आणि हल्ल्याच्या विनंत्या नेमक्या लांबलचक असतात. वेळेचा गोंधळ तर खास आपल्या साडेपाच तासांचा. इलॅस्टिकसर्चचे डॅशबोर्ड दाखवणारे किबाना ब्राउझरचा टाइमझोन धरते, त्यामुळे पडद्यावर सगळे ठीक दिसते. तीच क्वेरी अहवालाच्या स्क्रिप्टमध्ये उचलून ठेवली आणि टाइमझोन लिहायचा राहिला, की दिवस यूटीसीप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. मध्यरात्रीपासून तोवरची सगळी उलाढाल आदल्या दिवसाच्या खात्यात जमा! मग पडदा आणि अहवाल यांचे आकडे जुळत नाहीत आणि दोन टीम एकमेकींकडे बोट दाखवतात.

‘सर्चमध्ये चालते, डॅशबोर्डवर चालत नाही’ ही स्प्लंकमधली तक्रार त्यामानाने सोपी. बेस सर्चमध्ये लागणारी फील्ड नावानिशी मागितलेली नसतात, टोकनला किंमत मिळालेली नसते, किंवा पाहणाऱ्याच्या रोलला तो इंडेक्स खुला नसतो. ही तीन कारणे आधी तपासावीत.

तपासाचा क्रम मात्र बहुतेक ठिकाणी उलटा दिसतो. पॅनेल बिघडले की पहिला हात पॅनेलच्या कोडला लागतो. सुरुवात कच्च्या नोंदीपासून व्हायला हवी: नोंद आली का, तिच्यावर कोणती वेळ बसली, आणि ती वेळ व इंडेक्समध्ये शिरल्याची वेळ यांत अंतर किती. हे अंतर बरोबर साडेपाच तास निघाले, तर पुढचे काही शोधायची गरज उरत नाही.

शून्याचा अर्थ लावतानाही हाच क्रम हवा. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीत २०१७ साली चोर शिरले, तेव्हा एन्क्रिप्टेड वाहतूक उलगडून तपासणारे उपकरण जागेवर होते. त्याच्या सर्टिफिकेटची मुदत मात्र कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती, त्यामुळे वाहतूक न तपासताच पुढे जात होती. २९ जुलैला नवे सर्टिफिकेट बसवले आणि संशयास्पद हालचाल लगेच नजरेस आली. तोवर सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली होती. प्रत्येक डॅशबोर्डवर ‘या स्रोताची शेवटची नोंद किती वाजता आली’ एवढे सांगणारे पॅनेल असावे, हा आग्रह त्यासाठीच.

भारतात हा विषय केवळ सोयीचा राहिलेला नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत, घड्याळे एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवायची आहेत आणि ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत. त्या सहा तासांत टाइमझोनवरून वाद घालायला वेळ नसतो.

आणखी एक जागा अंधारात राहते ती स्प्लंकच्या शेड्यूलरची. १६ कोअरच्या एका सर्च हेडवर मूळ सेटिंगनुसार एका वेळी २२ शोध चालतात, त्यांतले निम्मे, म्हणजे ११, वेळापत्रकातल्या शोधांच्या वाट्याला येतात. अलर्ट लिहिणारा प्रत्येक जण मात्र ‘दर पाच मिनिटांनी’ असेच लिहितो, त्यामुळे सगळे शोध त्याच मिनिटाला दारात उभे राहतात. काही रांगेत थांबतात, काही गाळले जातात, आणि गाळलेला अलर्ट कोणाला मेल पाठवत नाही. इंटर्नल इंडेक्समधल्या शेड्यूलरच्या नोंदींत ‘स्किप्ड’ असा शोध घेतला की त्यांची नावे कारणासकट मिळतात. त्या यादीतले निम्मे अलर्ट एक-दोन मिनिटे पुढेमागे सरकवायला नवे हार्डवेअर लागत नाही.