वारेचा निरोप रक्तातून

हैद्राबादच्या तारनाका भागातून एका भगिनीने विचारले आहे : "सातवा महिना चालू आहे, रक्तदाब चढला आहे. रक्त तपासून पुढील संकट आधी कळते म्हणतात, ते खरे काय?"

भगिनी, अर्धे खरे. गर्भारपणी विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वर गेला आणि लघवीत प्रथिन उतरू लागले, तर त्याचे मूळ बहुधा वारेत असते. वारेतून आईच्या रक्तात दोन पदार्थ येतात. पहिला, प्लेसेंटल ग्रोथ फॅक्टर, रक्तवाहिन्यांना निरोगी राखतो. दुसरा, एस-फ्लिट-१, पहिल्यालाच पकडून निकामी करतो. २००३ साली बोस्टन येथे डॉ. अनंत करुमांची व सहकाऱ्यांनी हा दुसरा पदार्थ गाभण उंदरांना दिला, तेव्हा त्यांचा रक्तदाब चढला व लघवीत प्रथिन आले. पुण्यात भारती विद्यापीठात डॉ. साधना जोशी यांनीही तेथील मातांच्या रक्तात अशा पदार्थांचा शोध घेतला आहे.

दोहोंचे गुणोत्तर ३८ वा त्याहून कमी असेल, तर येत्या आठवड्यात हा विकार होण्याचा संभव फार थोडा, असे २०१६ साली एका मोठ्या पाहणीत आढळले. मात्र ३८ च्या वर असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ३७ जणींनाच पुढील चार आठवड्यांत तो जडला. म्हणजे ही तपासणी धीर देण्यास चांगली, भविष्य सांगण्यास अपुरी. शिवाय ती सर्वत्र मिळत नाही व स्वस्तही नाही. रक्तदाब मोजण्याचा पट्टा आणि लघवीची तपासणी मात्र साध्या दवाखान्यातही होते. ती एकदाही चुकवू नये.

आपल्या तारनाक्यातच राष्ट्रीय पोषण संस्था आहे. गर्भवतीने रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम घ्यावे, असे तिचे मान आहे. कॅल्शियम कमी पडल्यास या विकाराचा धोका वाढतो, म्हणून दूध, नाचणी व डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नये. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.

"पहिलटकरणीला सूज यायचीच," असे घरची वडीलधारी मंडळी म्हणतात. पायांची सूज पुष्कळदा निरुपद्रवी असते, हे खरे. पण डोके सतत ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगडीखाली कळ आली किंवा चेहरा एकाएकी सुजला, तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी, इस्पितळ गाठावे. हा मजकूर यजमानांनाही वाचून दाखवावा.